परसातली शाळा : आधी खुरपं, मग बाकीचं



मे महिना सरत आला. ऊन अजून चटके देतंय, पण मोठी माणसं संध्याकाळी आभाळाकडे बघून "औंदा मृग वेळेवर लागतो का बघू" असं म्हणायला लागली आहेत. म्हणजे आपल्यालाही परसबागेच्या तयारीला लागायला हवं, बरं का!

या सदरासाठी तुमची जी पत्रं येतात, त्यांत सध्या एकच प्रश्न फिरून फिरून येतोय : "बाई, परसबागेसाठी अवजारं कोणती घ्यायची?" नांदेडच्या सातवीतल्या एका मित्राने तर चौदा वस्तूंची यादीच करून पाठवली आहे. त्यात फवारणीचा पंप आहे, हातमोजे आहेत, झाडं कापायची मोठी कात्रीसुद्धा आहे. आणि लातूरची पाचवीतली एक मैत्रीण लिहिते, "बाबा म्हणतात, यंदा एकच वस्तू घेऊन देईन. कोणती घेऊ?"

दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. खुरपं घ्या! चांगलं, हातात बसणारं, पोलादी पात्याचं एक खुरपं. त्याच्याबरोबर पाणी घालायला काहीतरी लागेल, ते घरातच सापडेल. बाकीची अवजारं लागतील तशी, एकेक करून आणायची. असं का म्हणते, ते आता नीट समजून घेऊ या.

आधी पायाखालची माती बघा

अवजार निवडायचं ते दुकानातली चकाकी बघून नाही, तर आपल्या परसातली माती बघून. आपल्या नांदेड-लातूर भागात बऱ्याच ठिकाणी काळी, चिकण माती आहे. गोदावरीच्या आणि मांजरेच्या काठाने तर ती चांगलीच खोल आहे. ही माती काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून तर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती चपलेला लगदा होऊन चिकटते. बालाघाटच्या डोंगराकडे राहणाऱ्यांच्या परसात मात्र हलकी, मुरमाड जमीन असेल. तिथे चिकटपणा कमी, पण खडे जास्त.

आता सांगा, उन्हाने दगडासारख्या झालेल्या या मातीत रंगीत पत्र्याचं नाजूक खुरपं चालेल का? आमच्या वर्गातल्या एका मुलाला मामाने शहरातून अवजारांचा छान संच आणला होता. हिरव्या मुठी, पिवळी पाती, वर पारदर्शक पिशवी. पहिल्याच दिवशी शाळेच्या वाफ्यात त्याने पातं रोवलं आणि ते मानेपाशी वाकून नमस्कार करायला लागलं! मुलं हसली. तो बिचारा हिरमुसला. पण त्यात त्याची काय चूक? तो संच कुंडीतल्या भुसभुशीत मातीसाठी केलेला होता. कुंडीत तो अजूनही चांगला चालतो. आपल्या काळ्या रानात त्याचा टिकाव लागणार नाही, एवढंच.

आणखी एक गुपित सांगते. काळ्या मातीत काम करायचं तर तिची वेळ साधावी लागते. ती फार ओली असताना खणली तर ढेकळं होतात, आणि फार कोरडी असताना खणली तर हाताला फोड येतात. मधली जी नेमकी ओल असते, तिला आपले शेतकरी 'वापसा' म्हणतात. वापसा ओळखायचा कसा? मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळा. लाडू वळलाच नाही तर माती कोरडी आहे. लाडू वळला, आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकल्यावर फुटून विखुरला, तर वापसा आला. न फुटता नुसताच चपटा झाला, तर अजून एक-दोन दिवस थांबा. वापशावर काम केलं तर साधं खुरपंसुद्धा लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरतं.

पहिला मान खुरप्याचा

खुरपं एकच, पण कामं किती करतं बघा! तण काढतं. माती भुसभुशीत करतं. बी पेरायला रेघ ओढून देतं. रोप लावायला खड्डा करतं. रोपाभोवती आळं करतं. पालक, शेपू, मेथी कापायलाही उपयोगी पडतं. सहावी-सातवीच्या मुलांनी विज्ञानात साधी यंत्रं शिकली असतील. खुरप्याचं पातं म्हणजे पाचर. धारेवर जागा अगदी थोडी, म्हणून हाताचा सगळा जोर तेवढ्याच जागेवर एकवटतो आणि माती चिरत जाते. बोथट खुरपं घेतलं की तोच जोर पसरतो आणि मनगट दुखतं.

"एक कोळपणी, अर्धं पाणी" अशी एक म्हण आपल्याकडे शेतकरी सांगतात. शेतात जे काम कोळपं करतं, तेच परसात खुरपं करतं. वरवर माती हलवली की भेगा बुजतात आणि त्या भेगांतून उडून जाणारी ओल जमिनीतच राहते. शिवाय तण निघाल्यामुळे त्याने प्यायचं पाणी आपल्या भेंडीला मिळतं. म्हणजे खुरपं हे खरं तर पाणी वाचवायचंही अवजार आहे! आपल्या भागात ही गोष्ट फार मोलाची.

खुरपं घेताना पाच कसोट्या

खुरपं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, आठवडी बाजारात मिळतं आणि लोहाराकडे करूनही मिळतं. गावाबाहेर घिसाड्यांची पालं उतरली असतील तर मोठ्या माणसांबरोबर एकदा जरूर जाऊन बघा. भात्याने निखारे फुलवायचे, लोखंड लाल करायचं, सांडशीने ऐरणीवर धरायचं आणि वरून घणाचे घाव घालायचे. पुष्कळदा सांडशी नवऱ्याच्या हातात असते आणि तो जड घण त्याची बायको उचलत असते. शेवटी तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज होतो. त्याला 'पाणी पाजणं' म्हणतात. पटकन थंड झाल्यामुळे पोलाद कडक होतं आणि धार टिकते.

आता कसोट्या बघू.

१. विचारा. "हे पत्र्याचं आहे की कमानीच्या पाट्याचं?" मालमोटारीच्या चाकांवर जे वाकलेले पट्टे असतात ना, ते चिवट पोलादाचे असतात. जुन्या पट्ट्यांपासून लोहार खुरपी, विळे करतात. असं खुरपं वाकत नाही आणि लवकर बोथटही होत नाही.

२. ऐका. खुरपं मुठीला हलकंच धरा आणि पात्यावर दुसऱ्या लोखंडाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर पातं ठीक. 'बद्द' आवाज आला तर कुठेतरी चीर असण्याचा किंवा मूठ ढिली असण्याचा संभव आहे.

३. धरा. मूठ आवळल्यावर अंगठा तर्जनीवर सहज टेकायला हवा. टेकत नसेल तर मूठ तुमच्या हाताला जाड आहे. बोटं तळहातात रुतत असतील तर ती बारीक आहे. म्हणून खुरपं आणायला तुम्हीही बाजारात जायचं. बाबांच्या हाताच्या मापाने तुमचं खुरपं यायला नको! डावखुऱ्या मुलांनी तर हातात धरून, फिरवून बघितल्याशिवाय घेऊच नये. धार उलट बाजूला हवी असेल तर लोहाराला तसं सांगायचं.

४. हलवा. पातं आणि मूठ दोन हातांत धरून पिळल्यासारखं करा. जराही खडखडलं तर खाली ठेवा. पात्याचं निमुळतं टोक मुठीत खोलवर गेलेलं हवं आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं, म्हणजे शेंबी, घट्ट बसलेली हवी. शेंबी नसेल तर लाकूड तिथेच चिरतं.

५. लाकूड बघा. बाभळीची मूठ उत्तम. लाकडावरच्या रेषा लांबीच्या दिशेने जाणाऱ्या असाव्यात. मध्येच गाठ असेल तर लाकूड तिथेच तुटणार, हे नक्की.

पाचही कसोट्यांना उतरलं तरच पैसे द्या. आणि हो, दुकानदार काका "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" म्हणाले तर रागावू नका. हसून म्हणा, "घ्यायचंय, म्हणून तर बघतोय!"

खुरपं कुणाला येतं?

शाळेच्या वाफ्यात खुरपणी शिकवताना घडलेली एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. मुलं उकिडवी बसून जोरजोरात पाती मारत होती. कुणी मेथीसकट तण उपटलं, कुणी नुसतीच तणाची डोकी कापली. एक मुलगी मात्र शांतपणे भराभर पुढे सरकत होती. तिच्या मागचा वाफा स्वच्छ, आणि एकही रोप दुखावलेलं नाही. मी तिला सगळ्यांना करून दाखवायला सांगितलं. डाव्या हाताने तण धरायचं, उजव्या हाताने पातं तिरकं जमिनीत सारायचं, मूळ तुटल्याचा 'कट्' आवाज ऐकायचा आणि मगच ओढायचं. एका मुलाने विचारलं, "तुला कुणी शिकवलं?" ती क्षणभर गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, "माय रोजानं खुरपायला जाते. तिनं."

वर्गात ती हे कधी बोलली नव्हती. त्या दिवसापासून वाफ्यावर सगळे तिलाच विचारायला लागले, "हे तण की रोप? कितपत खोल घालू?" दुसऱ्या आठवड्यात तिची आई शाळेत आली आणि तिने पोरांना आणखी एक युक्ती दाखवली. एका जागी बसून पुढे वाकायचं नाही. हात पोचेल तेवढंच खुरपायचं आणि मग बसल्या बसल्या एक पाऊल पुढे सरकायचं. म्हणजे कंबर धरत नाही. मुलांनो, आपल्या मराठवाड्यात पावसाळाभर हजारो बाया अशा खुरपतात, तेव्हा कुठे बाजारात सोयाबीन, मूग, उडीद येतो. दहा मिनिटं खुरपून बघा, म्हणजे त्या कामाला किती कौशल्य लागतं ते तुमच्या लक्षात येईल. आणि हे काम फक्त मुलींचं, कुदळ फक्त मुलांची, असं आपल्या शाळेत काही नसतं, समजलं?

कुदळ, टिकाव, फावडं, घमेलं

खुरप्याने दोन-तीन बोटं खोल काम होतं. वाफा पहिल्यांदा तयार करायचा असेल तर जमीन वीतभर खोल खणावी लागते. तिथे खुरपं बिचारं काय करणार? त्यासाठी टिकाव किंवा कुदळ. टिकावाला दोन तोंडं असतात. अणकुचीदार तोंडाने कडक जमीन फोडायची आणि चपट्या तोंडाने ढेकूळ उलटवायचं. कुदळीला एकच तोंड. आपल्या काळ्या आणि मुरमाड अशा दोन्ही जमिनींना टिकाव बरा पडतो. फावडं माती ओढायला, भरायला, वरंबे घालायला. घमेलं ती वाहून न्यायला.

पण ही अवजारं वर्षातून चार-दोन दिवसच लागतात. मग प्रत्येक घराने विकत कशाला घ्यायची? गल्लीत एकाकडे टिकाव, एकाकडे फावडं, एकाकडे घमेलं असलं की झालं. फक्त एक नियम पाळायचा. आणलेलं अवजार धुऊन, पुसून, त्याच दिवशी परत करायचं. असं केलंत तर पुढच्या वर्षीही मिळेल!

ही अवजारं धरायची कशी हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. शेतात काही पिकलं नाही, तेव्हा लाखो माणसांनी सरकारी कामांवर जाऊन पाझर तलाव खणले, नालाबांध घातले, रस्त्यांसाठी खडी फोडली. त्यातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. त्या वेळी आपल्या घरांतल्या कितीतरी माणसांची चूल याच टिकाव-फावड्या-घमेल्यावर पेटत होती. घरात कुणी त्या वेळचं असेल तर शेजारी बसून ऐका. वहीत लिहून ठेवा.

टिकाव घेताना लोखंडातलं भोक, म्हणजे नेढं, नीट बघा. दांडा वरच्या बाजूने घालून खाली ओढता यावा आणि वरच्या टोकाला तो जाड असावा. मग घाव घालताना लोखंड पुढे निसटत नाही, उलट घट्ट बसतं. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि दांडा ढिला होतो. समजा, अवजार उभं धरून, लोखंड वर ठेवून, दांड्याचं खालचं टोक दगडावर आपटलं. दांडा थांबतो, पण लोखंड जडत्वामुळे आणखी खाली जाऊ बघतं. मग ते घट्ट होणार का ढिलं? खुरप्याने, कुदळीने आणि टिकावाने वेगवेगळं होतं का? करून बघा आणि कारण मला लिहून कळवा!

वजनाचंही बघा हं. मोठ्या माणसांचा टिकाव तुम्हाला झेपायचा नाही. दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत उचलून दहा आकडे मोजा. हात थरथरले तर तो तुमच्यासाठी नाही. त्याहून लहान मागा. चौथीपर्यंतच्या मुलांनी तर टिकावाला हातच लावू नये. ते काम ताई, दादा, बाबांचं.

झारी आणि थोडंसं गणित

पाण्यासाठी झारी. एक लिटर पाण्याचं वजन किती? बरोबर, एक किलो. म्हणजे दहा लिटरची झारी भरली की दहा किलो आणि वर झारीचं वजन. तुमच्यापैकी कितीजणांना ती न सांडता उचलता येईल? म्हणून मुलांसाठी तीन ते पाच लिटरची झारी बरी. एका हातात मोठी झारी घेऊन वाकडं चालण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान झाऱ्या घेतल्या तर तोल नीट राहतो.

झारीच्या तोंडाची भोकं बारीक असावीत आणि ते तोंड काढून धुता यावं. मोठ्या धारेने काळी माती वरून लिंपल्यासारखी होते. वाळली की तिची पापडी धरते आणि कोवळा कोंब ती फोडू शकत नाही. बारीक सरींनी तसं होत नाही.

आता गणित. समजा, तुमचा वाफा दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ दोन चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी सारखं पसरलं तर ते एक मिलिमीटर पावसाएवढं होतं. मग तुमच्या वाफ्यावर दहा लिटर घातलं तर किती पाऊस झाला? पाच मिलिमीटर! पावसाने उघडीप दिली की भाजीला दिवसाला साधारण एवढं पाणी लागतं. म्हणजे पाच लिटरच्या दोन झाऱ्या. जास्त नको. मुळं कुजतात आणि पाणीही वाया जातं.

पाणी वाया जाणं म्हणजे काय, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं. मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली. पाच लाख लिटर ऐकायला केवढं वाटतं, नाही? पण २०११ च्या जनगणनेनुसारच शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. भागाकार करून बघा. माणशी दीड लिटरसुद्धा येत नाही!

म्हणून परसबागेला नळाचं ताजं पाणी घालायच्या आधी घरातलं दुसरं पाणी बघा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, रात्रीचं माठातलं उरलेलं पाणी. हे एका बादलीत साठवलं तरी एका छोट्या वाफ्याची बरीच सोय होते. आणि वाफ्यावर पालापाचोळा पसरून टाका, म्हणजे ओल टिकते.

हे विकत घेऊ नका!

चौदा वस्तूंची यादी करणाऱ्या मित्रा, आता तुझ्या यादीवर काट मारू या.

झारी नाही? जुन्या बाटलीच्या झाकणाला आईकडून दाभणाने बारीक भोकं पाडून घे. बाटली उलटी केली की झाली झारी. रोपं उचलायचं छोटं खुरपं हवं? स्वयंपाकघरातला जुना, जाड पळा चालतो, पण आईला विचारून! ठिबकची हौस आहे? गळका माठ टाकून देऊ नका. वेलाच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरा, त्यात पाणी भरा आणि वर झाकण ठेवा. माठ झिरपत राहतो आणि मुळं हळूहळू पाणी पितात. ओळ सरळ हवी? दोन खुंट्या आणि सुतळी पुरे. मोजपट्टी? फावड्याच्या दांड्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाने खूण करून ठेवा. एका दांड्यात दोन कामं!

फवारणीचा पंप तर नकोच. दहा-वीस झाडांवरच्या अळ्या हाताने वेचता येतात. बी निवडतानाही थोडं डोकं लावा. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' नावाची भेंडी काढली. पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारी जात म्हणून ती नावाजली. हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं आणि २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. खत मात्र विकतचं कशाला? आपल्याकडे कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी अशा दोन नामांकित गुरांच्या जाती आहेत. ज्यांच्या घरी गुरं आहेत, त्यांच्याकडे एक घमेलं कुजलेलं शेणखत मागा. बदल्यात पहिली मेथीची जुडी त्यांना द्या.

अवजार राखाल तर अवजार तुम्हाला राखेल

काम झालं की अवजाराची माती काढायची, धुवायचं, पुसायचं. ओलं ठेवलं की लोखंडाचा ओलाव्याशी आणि हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि गंज चढतो. पावसाळा संपला की पात्याला करडईच्या तेलाचं बोट फिरवा. दांड्याला जवसाचं तेल चोळा. ते लाकडात मुरतं, वाळून त्याचा पातळ थर बसतो आणि लाकूड चिरत नाही. करडई आणि जवस दोन्ही आपल्याच भागातली! धार लावायचं काम मात्र मोठ्यांचं. कानस कशी फिरवतात ते लांबून बघा.

आता जपायच्या गोष्टी. अनवाणी खणायचं नाही. टिकाव चालवणाऱ्यापासून निदान दोन दांड्यांएवढं लांब राहायचं. खुरपं कुणाकडे फेकायचं नाही. हातात द्यायचं, तेही मूठ पुढे करून. फावडं, दाताळं जमिनीवर ठेवताना धार आणि दात खाली. नाहीतर पाय पडला की दांडा कपाळावर आलाच!

दगड उचलताना हात घालायचा नाही. टिकावाने आपल्या बाजूला ओढून उलटवायचा, म्हणजे खाली विंचू असला तर तो पलीकडच्या तोंडाने निघून जातो. विंचू किंवा साप चावला तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. आणि "गंजलं लोखंड लागलं की धनुर्वात होतो" असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. पातं स्वच्छ असलं तरी जखमेत माती गेली की धोका असतोच. म्हणून जखम साबणाने धुवायची, घरी सांगायचं आणि दवाखान्यात दाखवायचं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी जी टीडीची लस देतात, ती याचसाठी. तुमची घेऊन झालीय का, आईला विचारा.

या आठवड्याचा घरचा अभ्यास

१. परसातल्या मातीचा लाडू वळून, खाली टाकून बघा. काय झालं ते लिहा.
२. घरात आधीच कोणकोणती अवजारं आहेत? प्रत्येकाचं नाव घरात जे म्हणतात तेच लिहा. काही घरांत पहारीला सब्बल म्हणतात, विळ्याला इळा म्हणतात. तीही नावं हवीत!
३. जवळच्या लोहारकाकांना विचारून या : "खुरप्याला पाणी का पाजतात?"

आई-बाबांसाठी दोन ओळी

मुलांना मोठा संच आणून देऊ नका. एक चांगलं खुरपं द्या आणि ते त्यांचं त्यांना निवडू द्या. पहिल्या वाफ्यातली निम्मी मेथी उगवली नाही तरी रागावू नका. बागकाम शिक्षा म्हणून कधी देऊ नका, आणि "अभ्यास सोडून मातीत काय खेळतोस?" असंही म्हणू नका. शाळांतल्या पोषण परसबागांसाठी केंद्र सरकारने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. शिवाय माप, वजन, ऋतू, माती, पाणी हे सगळं वाफ्यावर लवकर समजतं. तुमच्या मुलांच्या शाळेत वाफा असेल तर एक शनिवार तिथे या. तुमच्या हाताला जे येतं, ते आमच्या पुस्तकात नसतं.

पुढच्या आठवड्यात वाफा आखायला बसू. तोवर खुरपं आणून ठेवा, आणि मुठीवर आपलं नाव लिहायला विसरू नका!

तुमची,
बाई